सायनसचं डोकं समजून गोळी घेताय? आधी या चुका टाळा

‘सायनसची गोळी द्या’ ही मागणी ऐरोलीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात बारा महिने असते. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की ती वाढते, ऑक्टोबरच्या उन्हात परत वाढते, आणि हिवाळ्यात पारसिकचा डोंगर सकाळी धुरकट दिसायला लागला की विचारूच नका. मागणारा भुवयांच्या मध्ये बोट ठेवून ‘इथे दुखतंय’ म्हणून दाखवतो. यांतल्या बऱ्याच जणांना कुठल्याही डॉक्टरांनी सायनस सांगितलेला नसतो. बहिणीला आहे, ऑफिसातल्या कोणाला तरी आहे, दुखायची जागा तीच आहे, मग आपल्यालाही तेच असणार, असा हिशेब असतो.

निदान करणं हे फार्मासिस्टचं काम नाही. पण कोणतं औषध कशावर आणि किती दिवस घ्यायचं, हे सांगणं माझंच काम आहे. भलत्याच दुखण्यावर भलतीच गोळी वर्षानुवर्षं घेणारी माणसं रोज समोर येतात, आणि त्यांचा त्रास टाळता येण्यासारखा असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कपाळ दुखलं म्हणजे सायनसच, असं ठरवून टाकणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि पुढच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे खोलवर. त्यांच्या आतल्या पातळ अस्तरातून सतत थोडा चिकट स्राव पाझरतो आणि बारीक छिद्रांवाटे नाकात उतरतो. सर्दीने किंवा अ‍ॅलर्जीने ते अस्तर सुजलं की छिद्रं बंद होतात, स्राव आत तुंबतो आणि दाब जाणवतो. गालाच्या पोकळीचं छिद्र तर तळाशी नसून वरच्या बाजूला असतं, त्यामुळे तिथला निचरा मुळातच अवघड.

खऱ्या सायनसच्या सुजेत डोकेदुखी एकटी येत नाही. नाक चोंदलेलं असतं, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो किंवा घशात उतरतो, वास कमी येतो, गाल किंवा वरचे दात दुखतात, कधी ताप असतो. थोडक्यात, गेल्या आठ-दहा दिवसांत पडसं होऊन गेलेलं असतं किंवा चालू असतं. नाक मोकळं आहे, फोडणीचा वास व्यवस्थित येतोय आणि तरीही कपाळ ठणकतंय, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं.

आणि ते बहुतेक वेळा सापडतं अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं स्वतः म्हणणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या जवळपास ३,००० लोकांना त्यात तपासलं होतं. त्यांतल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं अर्धशिशीच्या निकषांत बसलं. हा आकडा मी दुकानात अनेकांना सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा विश्वास बसत नाही.

गल्लत होते, त्याला कारण आहे. कपाळ, डोळे, गाल, दात, सायनसचं अस्तर आणि मेंदूवरचं आवरण या सगळ्यांची संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखा वाहून नेतात. अर्धशिशीत हा मज्जातंतू चेतवला जातो आणि त्याच्या परिणामाने नाकही चोंदतं, डोळ्यांतून पाणीही येतं. हवा बदलली की अर्धशिशी उठते आणि हवा बदलली की सर्दीही होते. खाली वाकलं की ठणका वाढतो, ही तर लोकांना सायनसची पक्की खूण वाटते, पण अर्धशिशीतही तो तसाच वाढतो.

मागे इथल्या आयटी पार्कमध्ये काम करणारी एक मुलगी संध्याकाळी आली. दिवेलागण झालेली, तरी डोळ्यांवर गॉगल. आमच्या ट्यूबलाइटकडे पाठ करून, एका हाताने कानशील दाबत म्हणाली, “दादा, ती नेहमीची स्ट्रिप द्या, सायनस उठलाय.” मी तीन गोष्टी विचारल्या. मळमळतं का? “हो, पण ते पित्ताचं आहे.” उजेड नकोसा होतो का? ती नुसतीच मान हलवून गॉगलकडे बोट करते. दुखण्यापायी कामाचा खाडा होतो का? “महिन्यातून दोनदा तरी घरून काम मागून घेते, आणि काम कसलं, पडदे ओढून पडते.” नाक गळतंय का विचारलं, तर नाही. सर्दी शेवटची कधी झाली, तेही आठवेना.

हे तीन प्रश्न माझ्या डोक्यातले नाहीत. डॉक्टर अर्धशिशीची प्राथमिक चाचपणी करायला हेच वापरतात: मळमळ, उजेडाचा त्रास आणि दुखण्यामुळे नेहमीची कामं अडणं. तीनपैकी दोनांना ‘हो’ आलं तर अर्धशिशीची शक्यता दाट, आणि डॉक्टरांकडे जाऊन खात्री करून घ्यायची. त्या मुलीचं निदान पुढे तेच निघालं. आता तिच्याकडे झटका आल्यावर घ्यायचं वेगळं औषध आहे आणि झटके कमी यावेत म्हणून रोजचं वेगळं.

पित्त म्हणून सोडून देणं

आपल्याकडे या घोळात आणखी एक भर आहे, ती म्हणजे पित्त. डोकं दुखून उलटी झाली की ‘पित्ताचं डोकं होतं, पित्त पडलं, आता बरं वाटेल’ असं घराघरात म्हणतात. उलटीनंतर काहींना खरंच बरं वाटतं, त्यामुळे समज पक्का होतो. पण मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे, आणि काहींचा झटका उलटीनंतर आपसूकही ओसरतो. मग माणूस सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी, कपाळ धरलं की सायनसची गोळी आणि मधूनमधून सोडा, असं करत राहतो आणि दुखणं आहे तिथेच राहतं. बोटं घालून उलटी काढायची सवय तर सोडाच. दात आणि अन्ननलिका दोन्हींची वाट लागते.

जेवणाची वेळ चुकणं हे अर्धशिशीचं नेहमीचं निमित्त. संकष्टीला दिवसभर चहावर काढून चंद्रोदयानंतर जेवणाऱ्या बायकांचं रात्री डोकं चढतं, ते बऱ्याचदा यामुळे. अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळते आणि पाळीच्या आसपास जास्त उठते. उपास सोडा असं मी म्हणत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण उपासाच्या दिवशी दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या आणि पाणी भरपूर प्या.

पिवळा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक मागणं

पडशात चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, कारण त्यात आपल्याच पांढऱ्या पेशी आलेल्या असतात. नुसत्या रंगावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. मोठ्यांच्या सर्दीतून जिवाणूंचा सायनसदाह होण्याचं प्रमाण जेमतेम अर्धा ते दोन टक्के आहे. बाकीचं सगळं विषाणूंचं, आणि विषाणूंवर अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही.

डॉक्टर अँटिबायोटिकचा विचार साधारण तीन वेळा करतात. दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही. किंवा सुरुवातीलाच तीन-चार दिवस सलग १०२ च्या वर ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्यात जोरदार दुखणं. किंवा बरं वाटायला लागून पाच-सहा दिवसांनी एकदम उलटं फिरणं. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, असा नियम आहे. आमच्याकडे यावरून रोज वाद होतात. ‘समोरचा देतो’ म्हणतात. देत असेल, पण आधी उरलेल्या तीन गोळ्या घरात सापडल्या म्हणून खाणारेही हेच असतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

नाकातले थेंब महिनोन्‌महिने घालणं

ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीनचे थेंब घातले की दोन-चार मिनिटांत नाक उघडतं. हेच त्यांचं वैशिष्ट्य आणि हाच त्यांचा धोका. ते नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. सलग तीन ते पाच दिवसांपुढे गेलं की औषध उतरताच त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक पुन्हा बंद, पुन्हा थेंब. काही महिन्यांत अशी वेळ येते की सर्दी कधीच गेलेली असते आणि नाक फक्त थेंबांमुळे चोंदलेलं असतं. उशाखाली बाटली घेऊन झोपणारे, ट्रान्स-हार्बर लोकलला निघताना बाटली विसरली म्हणून स्टेशनवरून परत फिरणारे लोक मी पाहिलेत.

या चक्रातून बाहेर पडता येतं. साधारणपणे एका नाकपुडीत थेंब बंद करून दुसरीत काही दिवस चालू ठेवतात, मग दुसरीतलेही सोडतात आणि सोबत स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे असतो. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांच्या देखरेखीत करा. पहिले काही दिवस-रात्री त्रासाच्या जातात, तेवढं मनाची तयारी ठेवून.

स्टिरॉइड स्प्रेच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. तो नावाला घाबरून लोक घेतच नाहीत किंवा दोन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून टाकून देतात. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि तो नेमाने घ्यावा लागतो. मारायची पद्धतही बहुतेकांची चुकते. मान मागे टाकू नका, किंचित खाली झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू नका. घशात कडू उतरलं म्हणजे औषध नाकात राहिलंच नाही.

गोळीत काय आहे ते न बघता गोळी घेणं

लोक जिला सायनसची गोळी म्हणतात, तिच्यात सहसा तीन गोष्टी असतात: पॅरासिटामॉल, नाक उघडणारं फिनाइलेफ्रिनसारखं औषध आणि गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध. वर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस दुप्पट. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा त्रास असलेल्याने त्याच्याही बरंच खाली राहायचं. रक्तदाब असेल तर नाक उघडणारं औषध तो वाढवू शकतं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना याच गोळीने लघवी अडकू शकते, हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि गुंगीच्या गोळीवर ठाणे-बेलापूर रोडला बाइक चालवू नका. दमा असलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या नाकात मांसाचे कोंब वाढलेत त्यांनी, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊ नये. काहींना त्याने दम्याचा जोरदार झटका येतो.

याहून खोल खड्डा म्हणजे रोजची गोळी. साधी वेदनाशामक महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि एर्गोटामाइन, ट्रिप्टान या अर्धशिशीच्या औषधांची किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. सकाळी उठतानाच डोकं जड, गोळी घेतली की चार तास बरं, मग परत तेच. महिन्याला किती स्ट्रिपा लागतात ते एकदा मोजा.

नाक धुताना नळाचं पाणी वापरणं

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा चांगला उपाय आहे. जुनाट त्रासात वाफेपेक्षा तो जास्त उपयोगी ठरल्याचं चाचण्यांत दिसलंय, आणि आपल्याकडे जलनेती नवी नाही. पण पाणी कुठलं? सोसायटीच्या टाकीतलं, घोडबंदर रोडला टँकरचं, आमच्याकडे मोरबे धरणाचं, कुठलंही असो, तसंच नाकात घालू नका. नीग्लेरिया नावाचा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. हा आजार फार विरळा, पण झाला तर बहुतेकदा जीवघेणा ठरतो. केरळात अलीकडच्या वर्षांत अमीबाच्या अशा मेंदूज्वराने माणसं दगावली आहेत. तेच पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, नाकात गेल्याने होतो. फिल्टरवरही भरवसा ठेवू नका.

पाण्याला खळखळून उकळी आली की किमान एक मिनिट तशीच ठेवा, झाकून कोमट होऊ द्या. अर्धा लिटर पाण्याला पाऊण चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं. हवं तर तयार पुड्या मिळतात. बाटली रोज धुऊन वाळवा.

वाफ, कापूर, लेप

वाफेने थोडा वेळ मोकळं वाटतं, बाकी फारसं काही नाही. घ्यायची तर घ्या, पण उकळतं पातेलं मांडीवर घेऊन टॉवेलखाली बसू नका, आणि लहान मुलांना तर अजिबात बसवू नका. भाजलेली पोरं रुग्णालयात येतात ती याच पातेल्यांनी. तान्ह्या बाळाच्या अंगाला किंवा नाकाशी कापूर लावू नका, त्याने झटके येऊ शकतात. सुंठीचा लेप कपाळावर रात्रभर ठेवला की कातडी भाजल्यासारखी होते.

दाताकडे दुर्लक्ष करणं

वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात. दाढ किडली, रूट कॅनाल बिघडला किंवा दात काढल्यावर तिथे भोक राहिलं की संसर्ग वर चढतो. खूण सोपी आहे: फक्त एकाच बाजूचा गाल दुखतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वास येतो. असा माणूस महिनोन्‌महिने नाकावर उपचार घेत राहतो. एका बाजूचा त्रास हटत नसेल तर दातांच्या डॉक्टरांना एक्स-रे काढायला सांगा. रात्री दात खाणाऱ्यांचं कानशील आणि गालही सकाळी असंच दुखतं.

रिपोर्ट वाचून घाबरणं

सीटी स्कॅनमध्ये ‘अस्तर थोडं जाडसर’ आणि ‘पडदा वाकडा’ असं लिहून आलं की लोक ऑपरेशनची तारीखच विचारायला लागतात. ज्यांना काहीही त्रास नाही अशा कितीतरी जणांच्या स्कॅनमध्ये हे दोन्ही दिसतं. नुकतीच सर्दी होऊन गेली असेल तर दिसणारच. बारा आठवड्यांहून जास्त चाललेल्या जुनाट सायनसदाहात तर डोकेदुखीपेक्षा नाक बंद असणं, स्राव आणि वास न येणं हीच मुख्य तक्रार असते. नुसतं डोकं दुखतं म्हणून नाकाचं ऑपरेशन करायची पाळी आली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि मेंदूविकारतज्ज्ञांनाही एकदा दाखवा.

घरातलं कारण न शोधणं

वर्षभर शिंका आणि चोंदलेलं नाक असेल तर आधी घर बघा. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला आलेली बुरशी, गाद्या-उशांतले धुळीतले किडे, झुरळं, एसीची न धुतलेली जाळी. वरच्या मजल्याची गळती असेल तर रंग मारून भागत नाही, ती बंद करावी लागते. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. बांधकामाच्या धुळीतून किंवा एमआयडीसीतून जाणं भाग असेल तर मास्क लावा. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. घरात उदबत्ती-धूप चालू असेल तर खिडकी उघडी ठेवा.

धोक्याच्या खुणा दिसूनही थांबणं

डोळ्याभोवती सूज आली, डोळा पुढे आल्यासारखा दिसतोय, एकाच्या दोन वस्तू दिसतात, कपाळावर मऊ फुगवटा आलाय, मान आखडलीय, ताप आणि बरळणं आहे, तर सायनसचा संसर्ग डोळ्याकडे किंवा मेंदूकडे पसरलेला असू शकतो. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं क्षणात फुटायला लागलं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तेही याच रांगेत. लालभडक दुखणारा डोळा, दिव्याभोवती वलयं आणि उलट्या असतील तर काचबिंदूचा झटका असू शकतो. यांतलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी.

मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी जास्त सावध राहायचं. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात किती घरांना होरपळलं ते आपण पाहिलंय. एका बाजूचा गाल सुजणं किंवा बधिर होणं, नाकात किंवा टाळूवर काळपट खपली, वरचे दात अचानक हलायला लागणं, यात एक दिवसही घालवू नका.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवीन डोकेदुखी सुरू झाली, कानशिलावर कंगवा लागला तरी दुखतं, चावताना जबडा दुखतो, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण एका विशिष्ट रक्तवाहिनीच्या सुजेत नजर जाऊ शकते. आणि रोज ठराविक वेळी एकाच डोळ्यामागे असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा आणि नाक गळणं, पाऊण-एक तासात थांबणं, हा क्लस्टर नावाचा वेगळाच प्रकार आहे. त्याचे उपचारही वेगळे.

बाकी सगळ्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. डोकं कधी दुखलं, किती तास, कुठल्या बाजूला, सोबत सर्दी होती का, मळमळलं का, उजेड नको झाला का, त्या दिवशी जेवण-झोप चुकली होती का, पाळी कधी होती, आणि कोणती गोळी किती घेतली. गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत न्या, नावं पाठ नसतील तर डॉक्टरांना ती वाचून कळतील.